उत्क्रांतीला सूत्रधार हवा का?

नैसर्गिक निवड दोन टप्प्यांनी चालते. एकाच जातीच्या जीवांत आधी लहानमोठे फरक निर्माण होतात. मग त्यांतले जे फरक त्या त्या परिस्थितीत तगायला आणि वंश वाढवायला उपयोगी पडतात, ते पुढच्या पिढ्यांत टिकून राहतात. दुसऱ्या टप्प्याला कोणी चालक लागत नाही, हे चार्ल्स डार्विनने १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात भरभक्कम पुराव्यांनिशी मांडले. त्यामुळे श्रद्धावंतांचा प्रश्न पहिल्या टप्प्यावर येऊन ठेपला. हे फरक येतात कोठून? जीवाची गरज ओळखून कोणी ते घडवून आणते का?

त्याआधी प्रश्नाचे रूप वेगळे होते. विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ मध्ये घड्याळाचा दाखला दिला होता: माळावर घड्याळ सापडले तर घड्याळजी असलाच पाहिजे, तसाच डोळ्यासारख्या अवयवाचाही कोणी कर्ता असला पाहिजे. विद्यार्थिदशेत डार्विनलाही हा युक्तिवाद पटला होता. नैसर्गिक निवडीने तो मोडीत काढला, पण कर्त्याची कल्पना संपली नाही. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे अमेरिकेतले डार्विनचे खंदे पाठीराखे आणि निष्ठावंत ख्रिस्ती. त्यांनी सुचवले की निवड निसर्गच करतो, पण निवडीसाठी पुढे येणारे फरक ईश्वर हितकर दिशेने वळवत असावा. डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात याचा समाचार घेतला. कड्यावरून कोसळलेल्या दगडांतून गवंडी हवे तसे दगड वेचतो आणि इमारत उभी करतो. प्रत्येक दगडाचा आकार भौतिक नियमांनी ठरलेला असतो, पण तो त्या इमारतीसाठी ठरलेला नसतो. जीवांतल्या फरकांचेही तसेच, असे त्याचे म्हणणे होते.

हा तोडगा तर्काचा झाला. प्रयोगाने उत्तर मिळायला १९४३ साल उजाडावे लागले. साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी जीवाणूंची २० स्वतंत्र लहान संवर्धने वाढवली आणि मग प्रत्येकातले जीवाणू त्यांना मारणाऱ्या विषाणूला सामोरे केले. काही जीवाणू वाचतात, हे माहीत होते. विषाणू समोर आल्यावर गरजेपोटी प्रतिकारशक्ती उपजत असेल, तर प्रत्येक संवर्धनात वाचणाऱ्यांची संख्या साधारण सारखी भरायला हवी. हा बदल विषाणू येण्याच्या आधीच केव्हातरी आपोआप होत असेल, तर गणित बदलते. ज्या संवर्धनात तो लवकर झाला तिथे वंशजांची झुंबड दिसेल आणि इतरांत जेमतेम काही, किंवा एकही नाही. आकडे हाती आले तेव्हा ११ संवर्धनांत एकही जीवाणू वाचला नव्हता, एकात मात्र १०७ वसाहती उगवल्या होत्या. पुढे १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी मखमलीच्या तुकड्याने एका बशीतल्या वसाहतींचे ठसे घेतले आणि ते विषाणू असलेल्या अनेक बश्यांत उमटवले. प्रत्येक बशीत वाचलेल्या वसाहती त्याच त्याच जागी निघाल्या. याचा अर्थ असा की ज्या मूळ बशीला विषाणूचा स्पर्शही झाला नव्हता, तिच्यात त्या जागी प्रतिकारक जीवाणू आधीपासूनच होते.

या प्रयोगांतून नेमके काय सिद्ध झाले ते नीट पाहायला हवे. उत्परिवर्तनांना कारणे असतात, आणि डीएनएच्या सगळ्या जागी ती सारख्याच प्रमाणात होतात असेही नाही. जीवाला उद्या काय लागणार आहे, याची दखल घेऊन ती होत नाहीत, एवढेच इथे दिसते. पण ग्रे यांच्या कल्पनेला लागतो तो नेमका हाच दुवा, आणि तोच सापडत नाही. अशा चालकाची गरज उत्क्रांतीच्या स्पष्टीकरणाला नाही, हे मान्य करणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.

‘मग सारे योगायोगानेच घडले का?’ हा आक्षेप मात्र चुकीच्या समजुतीवर उभा आहे. फरक आंधळे असले तरी निवड आंधळी सोडत नसते. प्रकाशाला संवेदनशील असलेल्या साध्या पट्ट्यापासून माशासारखा डोळा घडायला चार लाखांहून कमी पिढ्या पुरतात, असा हिशेब डान-एरिक निल्सन आणि सुझान पेल्गर यांनी १९९४ मध्ये मांडला. भिंगाचा डोळा माणसाच्या आणि ऑक्टोपसच्या वंशात स्वतंत्रपणे घडला. अशा जुळण्यांवरून केंब्रिजचे पुराजीवशास्त्रज्ञ सायमन कॉन्वे मॉरिस, जे स्वतः ख्रिस्ती आहेत, उत्क्रांतीच्या वाटा फारशा मोकळ्या नाहीत असे म्हणतात. याउलट स्टीफन जे गूल्ड यांच्या मते जीवनाची कहाणी पुन्हा सुरुवातीपासून घडली तर ती वेगळीच निघेल. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात एकाच जीवाणूच्या १२ वंशावळी शेजारीशेजारी वाढत आहेत. बाराही वंशावळी बऱ्याच बाबतींत सारख्याच दिशेने बदलल्या, तरी ऑक्सिजन असताना सायट्रेटवर जगण्याची किमया सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एकीलाच साधली. गोठवून ठेवलेले तिचे जुने नमुने पुन्हा वाढवले, तेव्हा उशिराच्या पिढ्यांतल्या नमुन्यांतूनच ती पुन्हा उद्भवली. थोडक्यात, दोन्ही मतांत तथ्य आहे. पण वाटा थोड्या असणे हा वाटाड्या असल्याचा पुरावा होत नाही. भौतिकी आणि रसायनाच्या मर्यादा त्या वाटा आखायला पुरेशा आहेत.

भारतीय दर्शनांत हा वाद फार जुना आणि फार बारकाईने झालेला आहे. सांख्यांच्या मते अचेतन प्रकृतीतून महत्, अहंकार आणि पुढची तत्त्वे क्रमाने परिणमतात, आणि त्यासाठी ईश्वर लागत नाही. वासराच्या पोषणासाठी अचेतन दूध जसे स्रवते तशीच प्रकृतीही पुरुषाच्या, म्हणजे चेतन आत्म्याच्या, मोक्षासाठी प्रवृत्त होते, असा दृष्टांत ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात त्यावर बोट ठेवले. गाय सचेतन आहे आणि वासरावरच्या मायेने ती पान्हा सोडते. गवताचे दूध होते तेही गाईने खाल्ले तर, बैलाने खाल्ले तर नाही. इथे सांख्यांची खरी अडचण उघडी पडते. त्यांच्या प्रकृतीला हेतू आहे, पण तो हेतू मनात धरणारे कोणी नाही. आधुनिक जीवशास्त्र हेतूच सोडून देते, म्हणून त्याला हा आक्षेप लागू पडत नाही. तत्त्वांचा हा क्रम म्हणजे जातींची उत्क्रांती नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त सांख्यांचा गुणोत्कर्ष आणि डार्विन-हेकेल यांचे उत्क्रांतितत्त्व शेजारी ठेवून पाहिले, ते विचारांचे साम्य दाखवण्यासाठी. प्राचीनांना सारे ठाऊक होते हे सांगण्यासाठी तो आधार वापरणे सांख्य आणि डार्विन या दोघांवरही अन्याय करणारे आहे.

रचनेवरून रचनाकार सिद्ध करण्याचा मार्ग नैयायिकांनी आग्रहाने धरला. त्यावर बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने विचारले की मातीचा घडा कुंभार करतो म्हणून वारूळही कुंभारानेच केले म्हणायचे का. नवल असे की परम ईश्वरवादी रामानुजाचार्यांनीही श्रीभाष्यात हे अनुमान नाकारले. ईश्वर शास्त्राने कळतो, तर्काने सिद्ध होत नाही, ही त्यांची भूमिका. निसर्गातल्या त्रुटींनी किंवा विज्ञानाच्या यशाने डळमळेल अशी ही श्रद्धा नाही, आणि म्हणूनच ती पेलीच्या श्रद्धेपेक्षा सखोल आहे.

जगातल्या क्रौर्याचा प्रश्न चालकवाद्यांना सर्वांत जड जातो. जिवंत सुरवंटाच्या देहात अंडी घालणाऱ्या आणि आपल्या अळ्यांना तो आतून खाऊ देणाऱ्या माश्या दयाळू ईश्वराने मुद्दाम निर्माण केल्या, हे पटत नाही, असे डार्विनने १८६० मध्ये ग्रे यांना कळवले. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, या नावाने येतो. त्यावर शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस भात आणि जव या दोन्हींना सामान्य कारण आहे. भेद बीजांमुळे पडतो. बीजाच्या जागी ते प्राण्यांचे कर्म ठेवतात, आणि तो भाग विज्ञानाच्या कक्षेत येत नाही. पण ईश्वर हे सगळ्याचे सामान्य कारण असून प्रत्येक फरकामागचा कारागीर नव्हे, ही मांडणी उत्क्रांतीशी भांडत नाही. ख्रिस्ती परंपरेत थॉमस अक्वायनसचा दुय्यम कारणांचा विचार जवळपास इथेच पोहोचतो. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मानवी देहाच्या उत्क्रांतीवर चर्चेची मुभा दिली, आणि दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये हा सिद्धांत निव्वळ तर्क उरलेला नाही असे मान्य केले. आत्मा मात्र ईश्वर थेट निर्माण करतो, ही अट दोघांनी राखली. अमेरिकेतल्या डोव्हर गावच्या शाळांत ‘बुद्धिमान रचना’ शिकवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा २००५ साली न्यायालयात त्याविरुद्ध साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर कॅथलिकच होते.

श्रीअरविंदांची भूमिका यापेक्षा धाडसी आहे. जडात चैतन्य आधीच दडलेले असल्यामुळे जडातून जीवन आणि जीवनातून मन उमलते, असे त्यांनी १९१४ पासून ‘आर्य’ मासिकातून मांडले. जगण्याला अर्थ देणारी ही दृष्टी मोलाची आहे. पण कोणते उत्परिवर्तन कधी होईल यावर ती काही सांगत नाही, त्यामुळे प्रयोगाने ती खरीही ठरत नाही आणि खोटीही.

मनाचा प्रश्न डार्विनच्या सहकाऱ्यालाही सुटला नव्हता. नैसर्गिक निवडीचा स्वतंत्र शोध लावणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६९ मध्ये जाहीर केले की मानवी बुद्धीच्या घडणीमागे एखादी उच्च शक्ती असली पाहिजे. डार्विन त्याने व्यथित झाला. मेंदू कसा वाढला याचे उत्तर आज जीवाश्म आणि जनुके यांतून बरेचसे मिळते. मुळात अनुभव म्हणून काही का आहे, या प्रश्नाला ते उत्तर पुरत नाही. पण त्यावरून चैतन्य हेच चालक, असा निष्कर्ष वॉलेस काढतात तसा निघत नाही. सांख्यांचा पुरुष चेतन आहे, तरीही तो अकर्ता आहे. तो पाहतो, काही घडवत नाही.