समोरचं दार

आई डोंबिवलीत एकटी राहते, मी पुण्यात. तिला ऐकू कमी येतं, आणि बेल वाजली की कोण आहे हे न विचारताच ती कडी काढते. दोन वर्षांपूर्वी तिच्याच इमारतीत भरदुपारी ‘गॅसची नळी तपासायला आलोय’ असं सांगून एकजण एका घरात शिरला आणि कपाटातले दागिने घेऊन गेला. त्याच आठवड्यात रविवारी मी डोंबिवलीला गेले आणि दाराला कॅमेऱ्याची बेल बसवून आले. तेव्हापासून दारासमोर काही हललं की माझ्या फोनवर सूचना येते. मी इथून पाहू शकते, बोलू शकते, ‘जरा वेळाने या’ असं म्हणून अनोळखी माणसाला परत पाठवू शकते. आईला आधार वाटला. मला झोप लागू लागली. ही सोय खोटी नव्हती, आजही नाही.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी ऑफिसात असताना सूचना आली. उघडून पाहिलं तर आईच्या दारात कुणीच नव्हतं. समोरच्या काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. ओली छत्री भिंतीला टेकवलेली, मांडीवर दवाखान्याची पिशवी, तिच्यातून बाहेर डोकावणारं तपासणीचं मोठं पाकीट. हातात किल्ली होती, पण त्या उठत नव्हत्या. मग त्यांनी फोन लावला. ‘दादा, गाठ आहे म्हणतात. ह्यांना तू काही बोलू नकोस, मीच सांगेन.’ फोन ठेवला, पदराने तोंड पुसलं, उभं राहून निऱ्या सारख्या केल्या आणि कुलूप उघडताना नेहमीच्या आवाजात हाक दिली, ‘अहो, आले हं मी!’ दार बंद झालं. सगळं मिळून दीड मिनिटाचं चित्रण.

रात्री आईचा फोन आला. म्हणाली, समोरच्या काकू येऊन गेल्या, तपासण्या झाल्या, काही विशेष नाही म्हणत होत्या. मी ‘बरं झालं’ म्हटलं. आईशी असं खोटं बोलण्याची वेळ माझ्यावर फारशी आली नव्हती.

त्या दीड मिनिटाने मला जे दिलं ते माझं नव्हतं. पण मला खरी टोचणी वेगळीच लागली. मी त्या क्षणी खरोखर त्या पॅसेजमध्ये असते, तर काय केलं असतं? एकतर ‘काकू, काय झालं?’ म्हणून शेजारी बसले असते, नाहीतर त्यांना एकटं राहू द्यावं म्हणून आल्या पावली मागे फिरले असते. त्यांनीही मला पाहिलं असतं. मला किती सांगायचं ते त्यांनी ठरवलं असतं. शेजारधर्म म्हणतात तो या दोन्हींमध्ये आहे, विचारण्यातही आणि मागे फिरण्यातही. कॅमेऱ्याने आम्हा दोघींनाही त्यातलं काही करू दिलं नाही.

‘प्रायव्हसी’ला मराठीत नेमका शब्द नाही, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. ‘खासगी’ आहे, पण तो दरबारातून आलेला. होळकरांच्या राज्यात दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. खासगी म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा हिशेब. ज्याच्याकडे मुळात काही आहे, त्याचं ते खासगी. साध्या माणसाच्या घरातला शब्द दुसराच आहे: आडोसा. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहत, तेव्हा मोरीला लुगड्याचा पडदा लावून आडोसा केला जाई. नव्या जोडप्याला आडोसा देण्यासाठी बाकीचे गॅलरीत झोपायला जात. गिरणगावातल्या चाळींमध्ये दारं दिवसभर उघडी असत आणि गॅलरी सगळ्यांची. येताजाता दहा घरांतलं सगळं दिसायचं. कुणाकडे पाहुणे, कुणाकडे भांडण, कुणाच्या घरात आज चूल पेटलेली नाही. दिसायचं आणि तरी माणसं नजर खाली घालून पुढे जायची. काही जण जायचे नाहीत, हेही खरं. चाळीत चोंबडेपणा भरपूर होता आणि एखाद्या मुलीचं जगणं त्यापायी नकोसं व्हायचं. पण चोंबडी बाई कोण, हे सगळ्या चाळीला ठाऊक असे. तिच्यासमोर विषय बदलता येई, तिला तोंडावर सुनावता येई. आणि ती विसरायची तरी, नाहीतर म्हातारी व्हायची.

आपल्याकडचा एकांत भिंतींनी फारसा कधी दिलाच नाही. तो दिला समोरच्याने नजर वळवली म्हणून. कॅमेऱ्याला नजर वळवता येत नाही. माझी सगळी तक्रार एवढ्यात आली.

ज्या बाईने दाराला पहिल्यांदा असा डोळा लावला, तिची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली कृष्णवर्णीय परिचारिका. कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तीत गुन्हे बरेच, पोलीस बोलावले तर वेळेवर येतील याची खात्री नाही. तिने आणि तिच्या नवऱ्याने १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६९ मध्ये मंजूर झालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांवरून सरकणारा कॅमेरा, आणि चित्र दिसणार तिच्या खोलीतल्या पडद्यावर. बाहेरच्याशी बोलायची सोय होती, आतूनच कडी काढायचं बटण होतं, मदत मागायचंही होतं. एकट्या बाईची भीती खरी असते, आणि या यंत्राचा जन्म तिच्यातून झाला. माझ्या आईच्या दारावरची बेल त्याच घराण्यातली. पण मेरीला दार कुणी ठोठावलं ते पाहायचं होतं आणि ते चित्र तिच्या खोलीत पोचणार होतं. आईच्या दारावरचं चित्र डोंबिवलीतून निघून कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तिथे तीस दिवस राहतं आणि मग पुण्यात माझ्या हातात येतं. ते वाटेत कुणाकुणाच्या हाताखालून जातं हे आई विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

अमेरिकेत हे विचारलं गेलं. ॲमेझॉनने २०१८ मध्ये घेतलेल्या ‘रिंग’ या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये ठपका ठेवला, की तिच्या एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये बायकांच्या घरांतली हजारो चित्रणं काही महिने पाहिली, बेडरूममधली, बाथरूममधली. त्याला थांबवणारी यंत्रणाच नव्हती. कंपनीने ५८ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्याआधी, २०२२ मध्ये, सिनेटर एड मार्की यांच्या प्रश्नाला उत्तर देताना ॲमेझॉनने मान्य केलं होतं, की त्या वर्षात अकरा वेळा तातडीचं कारण म्हणून पोलिसांना चित्रण दिलं गेलं, मालकाची संमती न घेता. कारणं गंभीर असतीलही. पण ते चित्रण आपलं आहे असं समजून बसलेल्या घरमालकाला ते आपल्या हातात नाही, हे तेव्हा कळलं.

हे सगळं लांबचं आहे असं वाटत असेल, तर राजकोटचं प्रकरण आठवून पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या एका प्रसूतिगृहातल्या बायकांच्या तपासणीची चित्रणं टेलिग्रामवर विकली जात असल्याचं उघड झालं. कॅमेरे सुरक्षेसाठीच लावलेले होते आणि पासवर्ड कुणालाही सुचेल असा होता. पकडलेल्यांपैकी दोघे महाराष्ट्रातले निघाले, लातूर आणि सांगलीकडचे.

चोरीचा धोका निदान सगळ्यांना समजतो. मला जास्त बोलायचं आहे ते जे चोरीशिवाय, कायद्याने आणि सद्हेतूने घडतं त्याबद्दल. आपल्या इमारतींत दारं समोरासमोर असतात, मधला पॅसेज जेमतेम पाच-सहा फुटांचा. बेलच्या कॅमेऱ्याचं भिंग रुंद असतं, नाहीतर खाली ठेवलेलं पार्सल दिसणार नाही. मग चित्राच्या मधोमध येतं समोरचं दार. ते उघडलं की आतला हॉल, सोफा, देव्हाऱ्याचा कोपरा. समोरची मुलगी किती वाजता आली, कुणाबरोबर आली, हे माझ्या आईला कधी कळलं नसतं. माझ्या फोनला ते रोज कळत होतं. आणि आवाज! इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात २०२१ साली शेजाऱ्यांच्या अशाच भांडणाचा निकाल लागला. न्यायाधीश मेलिसा क्लार्क यांनी त्यात स्पष्ट म्हटलं, की बेलच्या चित्रणापेक्षा चाळीस फुटांहून लांबचं बोलणं टिपणारं तिचं ध्वनिमुद्रण अधिक आक्षेपार्ह आहे. काकूंच्या बाबतीतही तसंच झालं. नुसतं चित्र असतं तर मला एक दमलेली बाई दिसली असती. मला जे कळायला नको होतं, ते आवाजाने कळवलं.

भारतातला खासगीपणाचा एक जुना, महत्त्वाचा खटला तर दारावरच्या थापेचाच. उत्तर प्रदेशातल्या एका माणसावरचा दरोड्याचा आरोप पुराव्याअभावी टिकला नाही, तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याच्या घरी येऊन त्याला उठवत. हा खरक सिंग खटला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी रद्द केल्या, पण घरावरचा गुप्त पहारा चालू राहू दिला, आणि खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही असंही सांगितलं. ते मत पुसायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. पण हा हक्क मागायचा तो मुख्यतः सरकारकडे. शेजाऱ्याने पहारा ठेवला तर? २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्या व्यक्तीने ‘वैयक्तिक किंवा घरगुती’ कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. माझी बेल घरगुतीच ठरणार. मग त्या कायद्याच्या आधाराने काकू माझ्याकडे काहीच मागू शकत नाहीत. युरोपच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्येच या वाटेला बांध घातला होता: घरावरचा कॅमेरा रस्ता आणि समोरचं घर टिपत असेल, तर तो निव्वळ घरगुती राहत नाही. मला हे साधं शहाणपण वाटतं. माझ्या घराचं रक्षण हे माझं काम, पण चित्रात जो माणूस आहे तो माझ्या घरचा नाही. आपल्या कायद्याने ही रेघ ओढायलाच हवी. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका सामाईक घरातल्या दोन भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात लावलेले कॅमेरे बंद करायला लावले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. दिशा बरी आहे. पण ज्याला कोर्टात जाणं परवडत नाही, त्याच्यापर्यंत ती पोचायला फार वेळ लागेल.

आणि ज्यांना कोर्ट परवडत नाही, तीच माणसं या चित्रांत सर्वांत जास्त असतात. दूधवाला, पार्सल आणणारी मुलं, कचरा उचलणारे मामा, धुण्याभांड्याच्या मावशी. आईच्याच इमारतीत एका घराने महिनाअखेरीला मावशींसमोर फोन धरला: कोणत्या दिवशी किती मिनिटं उशीर, सगळं तारीखवार. तीनशे रुपये कापले. जास्त थांबल्याची मिनिटंही त्याच फोनमध्ये होती, ती कुणी मोजली नाहीत. मावशी आईला म्हणाल्या, ‘आजी, बेल दाबायच्या आधीच माझा फोटू निघतो.’ आता त्या दारासमोर पायरीवर टेकत नाहीत. पूर्वी चौथ्या मजल्यावर चढून आल्यावर दोन मिनिटं बसायच्या.

मी आईची बेल काढलेली नाही. ती एकटी आहे आणि नळी तपासायला येणारे अजून येतात. पण मी बेलचा कोन खाली वळवून घेतला, समोरचं दार चित्रातून झाकून टाकलं, आवाजाची नोंद बंद केली, चित्रण तीन दिवसांवर आणलं. ही सगळी बटणं पहिल्या दिवसापासून तिथेच होती. मी ती पाहिली नव्हती, कारण मला फक्त आई दिसत होती.

त्यानंतर डोंबिवलीला जाऊन काकूंना सगळं सांगितलं. शस्त्रक्रिया होऊन गेली होती, तब्येत सावरत होती. हे लिहितेय तेही त्यांना विचारूनच. मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘तुला त्या दिवशी कळलं होतं? मग फोन का नाही केलास गं?’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

तुमच्या दाराला अशी बेल असेल, तर आज रात्री तिचं चित्र उघडा आणि त्यात कुणाकुणाचं दार येतं ते पाहा. मग फोन हातात घेऊन त्या दाराची बेल वाजवा आणि ते चित्र त्यांना दाखवा.