फळ्यावरचे दहा शंभर

नरकचतुर्दशीच्या पहाटे सारा गाव उटणे लावून ऊन पाण्याने न्हात असतो, त्या वेळी चाळीसएक पोरे थंडगार पाण्यात उडी मारायला तलावाच्या काठावर कुडकुडत उभी असतात, हे पुष्कळांना खरे वाटणार नाही. मलाही वाटले नसते. पण निवृत्त झालेल्या गणिताच्या मास्तराला लोक कोणत्या कामाला जुंपतील याचा नेम नाही. आमच्या गावच्या तलावावर मुलांना शिकवणारे जे तरुण गुरुजी आहेत, ते माझे जुने विद्यार्थी. त्यांनी एकदा सहज विचारले, "सर, तुम्ही आकडेमोड करून द्याल का?" आणि गेली सहा वर्षे पहाटे साडेपाचला हातात खडू घेऊन मी फळ्याशी उभा आहे.

आकडेमोड कसली, ते सांगितले पाहिजे. नुसते पोहत राहिल्याने स्पर्धेचा पोहणारा तयार होत नाही. अंतराचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला वेळ बांधून द्यायची आणि मधला विसावा मोजून मापून द्यायचा, अशी ही रीत आहे. याला सारेजण सेट म्हणतात, मीही तेच म्हणतो. फळ्यावर "दहा शंभर, पावणेदोन मिनिटांवर" असे लिहिले की अर्थ असा : शंभर मीटर दहा वेळा पोहायचे आणि दर पावणेदोन मिनिटांनी भिंत सोडायची. लवकर पोचलात तर उरलेली सेकंदे तुमची. उशिरा पोचलात तर विसावा नाही. सारी गंमत, आणि सारी क्रूरताही, त्या उरलेल्या सेकंदांत आहे.

ती सेकंदे ठरवण्याचे एक साधे गणित आहे. मुलाला एक दिवस चारशे मीटर जीव तोडून पोहायला लावायचे, दुसऱ्या दिवशी दोनशे. समजा चारशेला सहा मिनिटे लागली आणि दोनशेला दोन मिनिटे पन्नास सेकंद. वजाबाकी केली की दोनशे मीटरला एकशे नव्वद सेकंद, म्हणजे शंभराला पंचाण्णव. हा त्या मुलाचा टिकाऊ वेग. या वेगाने ते मूल बराच वेळ पोहू शकते. याच्या वर गेले की दम उधारीवर चालतो, आणि उधारी फेडावी लागते. तेव्हा पंचाण्णव सेकंदांच्या मुलाला एकशे पाच सेकंदांवर सोडले तर दहा सेकंद विसावा मिळतो आणि सेट कठीण पण पुरा होणारा ठरतो. शंभरावर सोडले तर विसावा पाचच सेकंदांचा. खडूने एक आकडा पुसून दुसरा लिहायचा एवढेच माझे काम. पण त्या पाच सेकंदांत एका पोराची सकाळ बदलते.

मी लहानपणी पोहायला शिकलो तो विहिरीत. पाठीला सुका भोपळा बांधून काकांनी मला वरून ढकलून दिले, आणि मी नाकातोंडात पाणी जाऊन गटांगळ्या खात असताना ते पायरीवर बसून शांतपणे विडी ओढत होते. आठवड्याने भोपळा सुटला, महिन्याने मी मुटके मारू लागलो. त्या ढकलण्याबद्दल मला आजही राग नाही. मग माझ्या हातून जे घडले त्याबद्दल मात्र अजून खुपत का राहावे?

घडले ते असे. आमच्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी आहे; तिचे नाव येथे सांगत नाही. वर दिलेले आकडे तिचेच आहेत. हात सुरेख, अंगात चिकाटी, आणि जिंकण्याची तिला इतकी सवय झालेली की तालुक्यातल्या स्पर्धेत दुसरी आली तर दोन दिवस जेवायची नाही. तिची आई रोज डब्यासह गॅलरीत बसे आणि मोबाइलवर वेळ लावी. "सर, जरा कडक द्या तिला," असे त्या म्हणत. आमच्या गुरुजींचेही मत होते की मुलीला हरण्याची सवय लागली पाहिजे, नाहीतर राज्यपातळीवर ती कोसळेल. मलाही ते पटले. एका पहाटे मी तिच्या लेनसाठी लिहिले : दहा शंभर, दीड मिनिटावर.

वाचकांनी वाटल्यास हिशेब करून पाहावा. तिच्या टिकाऊ वेगाने हजार मीटरला पंधरा मिनिटे पन्नास सेकंद लागतात. मी मागत होतो पंधरा, आणि विसावा शून्य. चारशेचा तिचा उच्चांकच मुळी दीड मिनिटाच्या सरासरीचा. म्हणजे पाचव्या शंभरात ती सुटणार, हे खडू हातात असतानाच मला ठाऊक होते. ती सुटली सहाव्यात. माझ्या अंदाजापेक्षा एक शंभर जास्त तिने ओढले. मग भिंतीला कोपरे टेकून ती नुसती उभी राहिली. मी जवळ गेलो, तेव्हा ती रडत नव्हती. तिने चष्मा वर केला आणि विचारले,

"सर, मला हे जमणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

मी म्हणालो, "छे! तू प्रयत्न केलास ना, झालं तर मग."

छत्तीस वर्षे वर्गात उभा राहिलो. त्यात मुलांशी खोटे बोललो नाही अशी माझी समजूत होती. ती त्या पहाटे गेली.

तेव्हापासून मी स्वतःशी भांडतो आहे. प्रथम मी स्वतःची बाजू मांडून पाहिली, कारण आपली बाजू मांडायला माणसाला शिकवावे लागत नाही. अपयश कुणाला चुकले आहे? आरती साहांचेच उदाहरण घ्या. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेल्या तेव्हा त्यांना बारावे वर्षही पुरे झाले नव्हते. पुढे १९५९ च्या ऑगस्टमध्ये त्या इंग्लिश खाडी पोहायला उतरल्या आणि किनारा काही मैलांवर राहिला असताना त्यांना माघार घ्यावी लागली. पुढच्याच महिन्यात, २९ सप्टेंबरला, त्यांनी ती खाडी पार केली. असे करणारी ती पहिली आशियाई स्त्री. ऑगस्टच्या हरण्याने त्यांचे काय बिघडले?

हा दाखला मला दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की तो माझ्या बाजूचा नाहीच. खाडीला आरती साहा हरणार हे ठाऊक नव्हते. प्रवाहाने बसून त्यांच्यासाठी हिशेब केला नव्हता. समुद्रापुढे हरणे म्हणजे हरणे; पण आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाने आधीच मांडून ठेवलेले हरणे, हे काही वेगळेच आहे. माझ्या काकांनी मला ढकलले खरे, पण मी तरंगेन अशी त्यांची खात्री होती. भोपळ्याची गाठ त्यांनी दोनदा ओढून पाहिली होती.

मग अमेरिकेतले उदाहरण पुढे केले. मायकेल फेल्प्सचे गुरू बॉब बोमन यांनी एका स्पर्धेच्या आधी त्याचा चष्मा मुद्दाम पायाखाली घालून बिघडवला होता, ही गोष्ट पोहणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. पुढे २००८ साली बीजिंगला दोनशे मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत फेल्प्सच्या चष्म्यात खरोखरच पाणी भरले. त्याला भिंत दिसेना. तो हात मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह जिंकला. येथे तर गुरूने शिष्यापासून चक्क लपवले होते! माझ्यापाशी याला पक्के उत्तर नाही. एवढेच दिसते की बोमन यांनी शर्यत अवघड केली, अशक्य केली नाही. आंधळेपणानेही ती पोहता येत होती. शिवाय सोन्याचे पदक मिळाले म्हणून आपण ही गोष्ट कौतुकाने सांगतो. ज्या मुलांचे चष्मे बिघडले आणि ज्यांनी पोहणे सोडले, त्यांच्या गोष्टी कोण सांगतो?

लपवण्याची वाट कुठवर जाते तेही पाहण्यासारखे आहे. पूर्व जर्मनीच्या मुलींनी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या तेरा शर्यतींपैकी अकरा जिंकल्या. कोवळ्या वयापासून त्यांना जीवनसत्त्वे म्हणून ज्या गोळ्या दिल्या जात, ती पौरुषाची संप्रेरके होती. आणि त्याचे भोग पुष्कळजणींनी जन्मभर भोगले. माझ्या फळ्याची तुलना त्या पापाशी करणे हा हास्यास्पद कांगावा होईल, हे मला कळते. परंतु "तुझ्या भल्यासाठीच" हे वाक्य तेथेही कुणीतरी म्हटलेच असेल.

उलट बाजूही आहे, आणि ती मी सोडायला तयार नाही. मुलाला कधीच कठीण न देणे हा दयाळूपणा नव्हे. त्यात एक छुपा अनादर असतो. 'हे तुझ्याच्याने होणार नाही' असे न बोलता सांगण्याचा तो सभ्य मार्ग आहे. परीक्षेचा पेपर काढताना मी एखादा प्रश्न असा घालीत असे की वर्गातल्या दोघांनाच सुटेल. पण तो सुटत असे! न सुटणारा प्रश्न मी कधी घातला नाही, आणि घातला असता तर बोर्डाने मला घरी बसवले असते. तेरा वर्षांच्या खांद्यांसाठी असे बोर्ड नाही. चार हजार मीटरच्या एका सकाळी ते खांदे तीन हजारांवर वेळा फिरतात, आणि कुठे थांबावे हे त्या वयाच्या मुलाला सांगता येत नाही. फळ्यावर लिहिलेले पुरे होणारच, असे ते धरून चालते. तो त्याचा करार असतो. त्यावर सही माझी असते, आणि पोहायचे त्याने.

चौथ्या दिवशी मी तिला बाजूला घेतले आणि सांगितले, "मला माहीत होतं. मी खोटं बोललो." ती काही बोलली नाही. दोन दिवस आली नाही. आईने ताप असल्याचे कळवले, असेलही. तिसऱ्या पहाटे आली, तेव्हा मी फळ्यावर लिहीत होतो : दहा शंभर, एक मिनिट चाळीसवर. ती टॉवेल गुंडाळून माझ्यामागे उभी राहिली आणि बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिली. मनात वजाबाकी करीत असावी; माझ्याच शाळेची मुलगी आहे.

"हे जमेल का?" तिने विचारले.

"सात नक्की जमतील," मी म्हणालो. "पुढच्या तिनांचं मला खरंच माहीत नाही."

"आणि नाही जमले तर?"

"तर थांबायचं. उद्या मी पाच सेकंद वाढवीन."

तिने टॉवेल माझ्या हातात दिला, केस टोपीत खोचले आणि पाण्यात उतरली. मी घड्याळाचे बटण दाबले.