पिंजऱ्यावरची पाटी

सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द आता मराठीच झाला आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'सेटलमेंट' म्हटलं तरी पुरतं, तो पुढे काही विचारत नाही. पत्त्यात लोक 'सेटलमेंट फ्री कॉलनी' लिहितात आणि पुढे नंबर. त्यातल्या 'फ्री'पाशी मी दर वेळी अडखळतो. मानसशास्त्राच्या वर्गात प्रबलन, म्हणजे फळ मिळालं की वागणं पक्कं होणं, शिकवायची वेळ आली की अमेरिकेतल्या प्रयोगशाळांच्या आधी मला ही वस्तीच आठवते. बक्षिसानं आणि धाकानं माणूस घडवण्याचा केवढा मोठा प्रयत्न आपल्या गावात होऊन गेला, आणि आमच्या पाठ्यपुस्तकात त्याची एक ओळ नाही.

सुरुवात 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून झाली. इंग्रज अधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा होता की, या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा चोरीसुद्धा काही जातींचा पिढीजात धंदाच असणार. म्हणजे वागणं रक्तातून येतं. एकदा हे गृहीत धरलं की गुन्हा सिद्ध करायची गरजच उरत नाही. सरकारनं जमात यादीत घातली की त्या जमातीत जन्मलेलं मूलही संशयित. त्या यादीविरुद्ध कोर्टात दादही मागता येत नसे. कैकाडी, टकारी, भामटा, पारधी अशी कितीतरी नावं पुढे या फेऱ्यात सापडली.

1911 च्या कायद्यानं बोटांचे ठसे आले, मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची मुभाही त्यात होती. या जमातींना कोंडून ठेवणाऱ्या वसाहतींना, म्हणजे सेटलमेंटना, जोर चढला. सोलापूर हे गिरण्यांचं गाव. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून इथं हातांना काम होतं, म्हणून मुंबई इलाख्यातली मोठी वसाहत इथं उभी राहिली. तारेचं कुंपण, ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर पडायचं तर पास. आत शाळा, बाहेर गिरणीतलं काम. वागणूक चांगली राहिली की कुंपणाबाहेरच्या वस्तीत राहायला मिळे, तीच फ्री कॉलनी. हजेरी चुकली की शिक्षा.

यात विचाराची एक मोठी उडी होती आणि ती नीट पाहिली पाहिजे. रक्ताच्या सिद्धांतावर उभा राहिलेला कायदा आता काम, शाळा आणि सवलत यांनी माणूस बदलतो असं धरून चालू लागला होता. मुंबई इलाख्यात हे काम ओ. एच. बी. स्टार्ट यांच्याकडे होतं. मी त्यांना दुष्ट मानत नाही. दलित आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या ज्या समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते, तिचे अध्यक्ष स्टार्टच होते. तिचा अहवाल 1930 चा.

तिकडे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकनं 1898 मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून दाखवलं होतं की ज्या कृतीचं फळ सुखाचं, ती कृती पक्की होत जाते. 1938 मध्ये स्किनरनं तेच पुढे नेऊन प्रबलनाचं शास्त्र मांडलं. 1960 च्या दशकात आयलन आणि अझ्रिन यांनी इलिनॉयमधल्या मनोरुग्णालयात चांगल्या वागण्याबद्दल टोकन आणि टोकनाच्या बदल्यात सवलती अशी पद्धत राबवली. मी हे फळ्यावर लिहितो तेव्हा मला पास आणि फ्री कॉलनी दिसते.

मग सोलापुरात चुकलं कुठं? एक उत्तर शिक्षेत आहे. 1944 मध्ये एस्टेसनं दाखवलं की खाण्यासाठी कळ दाबणाऱ्या उंदराला शिक्षा केली की तो दाबायचं थांबतो, पण थोड्याच दिवसांत पुन्हा दाबू लागतो. वागणं दबतं, पुसलं जात नाही. मला मात्र जास्त अस्वस्थ करतो तो रोझेंथाल आणि फोड यांचा 1963 चा प्रयोग. उंदीर सगळे सारखेच. विद्यार्थ्यांना मात्र सांगितलं की यातले काही हुशार वाणाचे, काही मठ्ठ वाणाचे. हुशार म्हणून दिलेले उंदीर भूलभुलैयात खरोखरच सरस ठरले. विद्यार्थी त्यांना अधिक मायेनं हाताळत होते. उंदराच्या पिंजऱ्यावर काय लिहिलंय, हे त्याच्या वागण्यात उतरलं.

सोलापूरच्या वसाहतीत बक्षीस वागण्याला होतं आणि पाटी जन्माला होती. एखादा बाप वीस वर्षं गिरणीत इमानानं राबला, तरी त्याचं मूल यादीतच जन्माला येई. असं असताना प्रबलन कशाचं होणार? चांगलं वागलं की कुंपण थोडं दूर सरकतं, एवढंच तो शिकणार.

31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. पण 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. या वेळी नोंद माणसाची होती, जमातीची नव्हे, तरी शिवारात चोरी झाली की पहिली विचारपूस अजूनही पारध्यांच्या पालावर होते.

मागे एका मुलाचा अर्ज भरायला मी शेजारी बसलो होतो. नाव, जन्मतारीख, मार्क त्यानं भरभर लिहिले. पत्त्याच्या रकान्यात 'से' लिहिलं आणि पेन थांबलं. मग ते अक्षर गिरगटून त्यानं जवळच्या चौकाचं नाव घातलं. मी खालची तारीख वाचत असल्यासारखं केलं.