समान वेतन, असमान रात्र

एकाच कामाला एकच दाम, हें तत्त्व आतां वादाचें राहिलें नाहीं. 1976 सालीं आपल्या देशांत त्यासाठीं कायदा झाला. 2019 च्या वेतनसंहितेनेंही तेंच मानिलें. असें असतां जबाबदारीच्या पेशांत स्त्रीची प्राप्ति पुरुषाच्या मागें कां पडते?

ती गुणांत उणी आहे, असें म्हणण्यास जागा नाहीं. साताऱ्याकडील सुरेखा यादव यांनीं 2023 च्या मार्चांत सोलापुराहून मुंबईस वंदे भारत गाडी नेली, ती दौंडवरूनच. रेल्वेंत चालकाची वेतनश्रेणी स्त्री-पुरुष पाहून ठरत नाहीं. मात्र वेतनाखेरीज मिळणारा भत्ता चाललेल्या किलोमीटरांवर मोजतात. घरच्या अडचणीमुळें ज्याची फेरी चुकली, त्याची मिळकत तेवढी घटली. ती अडचण बहुधा कोणाच्या वांट्यास येते, हें नियम विचारीत नाहीं.

शेजारच्या शिरूर तालुक्यांत रांजणगांवची औद्योगिक वसाहत आहे. समजा, तेथें पति-पत्नी दोघेंही सारख्या पगाराचे अभियंते आहेत. मध्यरात्रीं यंत्र बंद पडल्याचा निरोप येतो, आणि घरांत मूल तापानें फणफणलेलें असतें. एकानें जावयाचें, एकानें राहावयाचें. जाणाराला कारखाना कर्तबगार म्हणतो. राहणारीची रात्र कोणत्याच वहींत लिहिली जात नाहीं. 2023 सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या संशोधनाचें मर्म हेंच आहे: लांब व अवेळच्या तासांना बाजार प्रमाणाबाहेर मोल देतो.

कोणी म्हणेल, हा तर उभयतांच्या खुषीचा सौदा. परंतु घरीं कोणी राहावें, हा प्रश्न आमच्या किती घरांत खरोखर विचारला जातो? पुढें पतीचा पगार वाढला, म्हणजे त्यानेंच जाणें शहाणपणाचें ठरतें; कालचा अन्याय आज हिशेब होऊन बसतो. पुरुषाची मोकळीक ही त्याची एकट्याची कमाई नव्हे. ती घरांतून उसनी आणलेली असते.

उपाय अशक्य नाहीं. जेथें एकाचें काम दुसऱ्यास सहज उचलतां येतें, तेथें तफावत कमी होते. अमेरिकेंतील औषधविक्रेत्यांच्या पेशांत गोल्डिन यांना हेंच आढळलें. जंक्शनावर चालक बदलतो, तरी गाडी पुढें जाते. कारखान्यांनीं ही रीत उचलावी. पण तापलेल्या मुलाच्या उशाशीं पाळी बदलण्याचें काम कोणताही कायदा करणार नाहीं. तें आम्हां सुशिक्षितांनींच आपापल्या घरीं करावयाचें आहे.