उशीवर हात

दुपार आहे. वळसंगचं ऊन दाराशी आलंय. अक्कलकोटच्या रस्त्यानं गाड्या येतात, जातात; जाऊ द्या. फरशीवर सतरंजी टाकून बसा. उशी मांडीवर घ्या, तळहात तिच्यावर ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा.

आधी अभ्रा लागतो. त्याखाली पूर्वी पिंजाऱ्यानं पिंजलेला कापूस असे. वापरून त्याच्या गुठळ्या होत. आता बहुतेक उशांत पॉलिएस्टर असतं. हळूच दाबा, सोडा. उशी पुन्हा वर येते. धागा आतून पोकळ आणि मुद्दाम कुरळा केलेला असतो, म्हणून.

हात तिथेच राहू द्या. तळव्याला घाम सुटला असेल, सोलापूरच्या उन्हाळ्यात सुटणारच. तो कुठे जातो, तिकडे लक्ष न्या. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्क्यांपर्यंत मुरवून घेतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम त्याच्या कडेकडेनं फिरतो, आत शिरत नाही. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी हा धागा शोधला तेव्हापासून त्याचा स्वभाव हाच. रंगसुद्धा सहजी घेत नाही. बंद भांड्यात, दाबाखाली, पाणी १३० अंशांपर्यंत तापवावं लागतं. सोलापुरी चादरीच्या सुतापुढे रंगाऱ्याला एवढी मनधरणी करावी लागत नाही.

आता थंडीतली एखादी रात्र आठवा. पानिपतचं मऊ मिंक ब्लँकेट अंगावरून ओढलं की अंधारात तडतड होते, ठिणग्या दिसतात. धाग्यात ओलावाच नाही. घासून साचलेली वीज निघून जाणार कशातून?

मनात तक्रार उमटेल. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चादर, आणि घराघरांत हे! उमटू द्या. पण भिजलेली सोलापुरी चादर पिळायला दोघं लागतात, हेही आठवा. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात चटकन वाळणारं पांघरूण कुणी निवडलं, तर मला त्यात खोट दिसत नाही. खटकतं ते वेगळंच: प्रत्येक धुण्यात हा धागा बारीक तंतू सोडतो, ते पाण्याबरोबर गटारात, ओढ्यात जातात आणि वर्षानुवर्षं कुजत नाहीत.

श्वास संथ होऊ द्या. घरात वाकळ असेल तर ती जवळ ओढा. थरांत बोटं घाला. आजीच्या लुगड्याचा थर बोटांना धरून ठेवतो. त्यावरचा नायलॉनच्या साडीचा निसटतो; शिवतानाही तो असाच सरकला असेल, टाके जवळजवळ घालावे लागले असतील. दोन्ही थर एकाच दोऱ्यानं शिवलेत. लुगडं विरत चाललंय, साडीचा रंग अजून तसाच आहे. बोटं दोन्हींच्या मध्ये ठेवा आणि वाटेल तितका वेळ बसा.