आधी घेण्यातला विवेक, मग बोलण्यातले सत्य

लहान मुलाला प्रामाणिकपणा शिकवायचा, तर आरंभ त्याच्या बोलण्यापासून करावा की त्याच्या घेण्यापासून, हा प्रश्न पालक आणि शिक्षक सहसा विचारीत नाहीत. ‘खोटे बोलू नये’ हा मुख्य धडा आणि ‘न विचारता घेऊ नये’ हा त्याचाच एक पोटधडा, असे बहुधा गृहीत धरलेले असते. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेल्या ‘श्यामची आई’त मात्र घेण्याच्या प्रश्नाला फार मोठे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे.

या पुस्तकातील दोन प्रकरणे शेजारीशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. एकात श्याम पैसे चोरतो, तेही खाऊसाठी नव्हे, तर पुस्तके वाचून मोठे व्हावे म्हणून. हेतू चांगला असला तरी मार्ग वाईटच, हे तेथे त्याला शिकावे लागते. दुसऱ्या, ‘स्वाभिमान-रक्षण’ या प्रकरणात त्याला एका लग्नकार्यात दक्षिणा मिळते. हे पैसे चोरलेले नाहीत, देणाऱ्याने राजीखुशीने दिलेले आहेत, घरात दारिद्र्य आहे, आणि तरीही आईला ते रुचत नाही. भिक्षुकी हा ज्याचा व्यवसाय आहे आणि त्यासाठी ज्याने अध्ययन केले आहे, त्याची दक्षिणा ही त्याच्या श्रमाची आणि विद्येची कमाई असते. नाशिकच्या रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांचे संसार तिच्यावर चालत आले आहेत आणि त्यात कमीपणा काहीच नाही. गृहस्थाच्या मुलाने ती घेणे म्हणजे मात्र ज्यासाठी आपण काही केले नाही ते पदरात पाडून घेणे होय. म्हणजे स्वाभिमान हा लोकांनी दिलेला मान नव्हे. कोणी पाहत नसताना आणि कोणी दोषही देणार नसताना, आपल्याला न शोभणारी गोष्ट नाकारण्याचे मनाचे बळ, असा त्याचा येथे अर्थ होतो.

भारतीय धर्मविचारात या शिकवणीची मुळे खोल आहेत. पतंजलींच्या योगदर्शनातील पाच यमांत, म्हणजे माणसाने स्वतःवर घालून घ्यायच्या मूलभूत बंधनांत, सत्यापाठोपाठ अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, येते. नाशिकजवळ म्हसरूळच्या गजपंथावर ज्यांचे तीर्थ आहे त्या जैनांनी हेच व्रत, जे दिलेले नाही ते न घेणे, अशा शब्दांत मांडले. आणि शहराच्या दुसऱ्या अंगाला त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांमध्ये ज्या भिक्षूंनी वर्षावास केले, त्यांच्या पंचशीलात तर हा नियम दुसरा आहे आणि खोटे न बोलण्याचा चौथा. या क्रमाला तात्त्विक महत्त्व द्यावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतो. बालशिक्षणापुरता मात्र तो अतिशय उपयुक्त आहे. श्यामच्या आईची अपेक्षा तर या नियमाच्याही एक पाऊल पुढची आहे, कारण जे दिलेले आहे तेही आपले नसू शकते, असे ती सांगते.

घेण्यापासून आरंभ करण्याचे कारण मुलाच्या मनाच्या घडणीत आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या, मुलांच्या नैतिक विचारावरील ग्रंथात असे दाखविले की, लहान मूल खोटेपणाचे माप बोलणाऱ्याच्या हेतूवरून ठरवीत नाही, तर विधान वस्तुस्थितीपासून किती दूर गेले यावरून ठरविते. त्यामुळे गाईएवढा कुत्रा पाहिला असे सांगणारा मुलगा त्याला खऱ्या फसवणाऱ्यापेक्षा अधिक दोषी वाटतो. ज्या वयात कल्पना आणि लबाडी यांच्यातील सीमा अशी धूसर असते, त्या वयात ‘हे माझे’ आणि ‘हे तुझे’ यांतील भेद मात्र मुलाला चांगलाच कळतो, मग तो भातुकलीतल्या बोळक्यावरून का कळेना. मुलाने खरे बोलावे म्हणून त्याला शिक्षेची भीती घालण्याचा उपाय तर उलटतोच. पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांमधील तीन-चार वर्षांच्या मुलांचा जो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात कठोर शिक्षा करणाऱ्या शाळेतील मुले खोटे अधिक बोलताना आणि ते अधिक सफाईने निभावताना आढळली.

म्हणून या शिक्षणाची पहिली कसोटी मुलाची नसून घरातील मोठ्यांची असते. बारा वर्षे उलटून गेलेल्या मुलाला एसटीत अर्ध्या तिकिटासाठी वय कमी सांगायला लावणारे, किंवा त्याचा शाळेचा प्रकल्प स्वतः करून त्यावर त्याचे नाव घालणारे पालक काही रुपयांच्या आणि काही गुणांच्या बदल्यात त्याला न कमावलेले घेण्याची सवय लावतात, आणि पुढे तोच मुलगा खोटे बोलला की त्याला रागावतात. पालकांनी निदान एवढे करावे, की पुढच्या प्रवासात कंडक्टरने वय विचारले तर ते खरे सांगावे आणि पूर्ण तिकिटाचे पैसे मुलाच्याच हातून द्यावेत.