दोष कोणाचा, पथ्य कोणाचे?

सौंसर-पांढुर्ण्याच्या आपल्या भागात आजारालाही दोन भाषा येतात. घरात ‘साखर वाढली’ म्हणतात, बाजारात ‘शुगर निकली है’ म्हणतात. भाषा कोणतीही असो, ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘गोड लय खात होते का जी तुम्ही?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण त्या साध्या प्रश्नात निकाल दडलेला असतो. आजारी माणूस हा आधी आरोपी ठरतो, मग रोगी.

याच भागात दुसराही एक जन्मभराचा आजार आहे, सिकलसेल. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात तो अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या मुलाची हाडे दुखू लागली, की तेच शेजारी म्हणतात, ‘नशीब बिचाऱ्याचं!’ म्हणजे एका आजाराला आपण अपराध म्हणतो आणि दुसऱ्याला दैव. दोन्ही शब्द उच्चारले, की आपले काम संपते. अपराध्याने आपले भोगावे, दैवापुढे कोणाचे चालत नाही. शेजाऱ्याने काय करायचे हा प्रश्न उरतच नाही. म्हणूनच हे दोन्ही शब्द तपासून पाहायला हवेत.

आपल्या परंपरेकडे पाहिले, तर ती इतकी सरळसोट नाही. चरकाने ‘प्रज्ञापराध’ सांगितला. बुद्धी, धीर आणि स्मरण सुटले, की माणूस नको ते करतो आणि रोग ओढवून घेतो. हे वाक्य आपण सोयीने लक्षात ठेवले. त्याच चरकाने एक अख्खा अध्याय वेगळ्या प्रश्नाला दिला आहे, तो आपण विसरलो. ज्यांची प्रकृती, आहार, वय वेगवेगळे आहे असे लोक एकाच वेळी एकाच रोगाने का पडतात? त्याचे उत्तर असे, की वारा, पाणी, भूमी आणि काळ हे सगळ्यांचे सामाईक असतात. ते बिघडले, की सारा जनपद बिघडतो. सुश्रुताने तर प्रमेहाचे दोन प्रकार मानले : एक जन्मासोबत येणारा, दुसरा अपथ्यातून होणारा. उपचारही त्याने माणूस पाहून सांगितले. निर्धनाने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर राहत शंभर योजने चालावे, विहीर खणावी. धनवानाने सावा-देवभातासारख्या रानधान्यावर राहावे. आणि जो कृश आहे त्याला मात्र सदैव जपावे. ज्याच्या अंगात मुळात काही नाही त्याच्यावर उपवास लादू नये, एवढी माया त्या जुन्या वैद्याजवळ होती.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र आपल्यापासून फार दूर, प्रशांत महासागरातल्या नाउरू नावाच्या बेटावर घडले. हे बेट अवघे 21 चौरस किलोमीटरचे. आपल्याकडच्या दोनचार गावांच्या शिवाराएवढे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे फॉस्फेटची खाण सुरू झाली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांना खत मिळाले आणि बेटाचा मधला भाग उखडून निघाला. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने सुमारे बाराशे नाउरूवासीयांना ट्रूक बेटांवर नेले. त्यांतले तिसऱ्या हिश्शाहून अधिक परतलेच नाहीत. 1968 साली स्वातंत्र्य आले, खाणीचा पैसा हाती आला. पण शेती करावी अशी जमीन उरली नव्हती. जहाजातून तांदूळ, मैदा, साखर आणि डबाबंद मांस येऊ लागले. 1975 च्या सुमारास डॉक्टरांनी तपासणी केली, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश प्रौढांना मधुमेह निघाला.

जगाने काय म्हटले? काहींनी म्हटले, हे लोक आळशी आणि खादाड. काहींनी जेम्स नील या अमेरिकी शास्त्रज्ञाची 1962 सालची कल्पना पुढे केली : दुष्काळात तगण्यासाठी साठवण करणारे ‘काटकसरी जनुक’ त्यांच्या रक्तातच असावे. एकाने अपराध म्हटले, दुसऱ्याने दैव. खणून नेलेल्या जमिनीचा हिशेब दोघांनीही मांडला नाही.

आता आपल्या घराजवळ येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. पण आपली बाळे दिसायला बारीक असली, तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त आढळली. म्हणजे पन्नाशीत निघणाऱ्या साखरेचा एक धागा आईच्या ताटापर्यंत जातो. आईला त्या दिवसांत पोटभर मिळाले का, सगळ्यांची जेवणे झाल्यावर तिच्या वाट्याला काय उरले, डोक्यावर किती ओझे होते, हे सारे त्या रक्तात लिहिलेले असते. ज्याला आपण ‘तुम्ही काय खात होते?’ असे विचारतो, त्याला खरे तर ‘तुमची आई काय खात होती?’ असेही विचारायला हवे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. इतक्या माणसांचा एकाच वेळी प्रज्ञापराध कसा झाला?

इथे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे वजनदार आहे, की असे मानले तर कोणी पथ्य पाळणारच नाही. खर्रा खाणारा खर्रा खातच राहील आणि दोष आईच्या, सरकारच्या, काळाच्या माथी मारील.

याचे उत्तर आपल्या संत्र्याच्या बागेत आहे. काळ्या माशीमुळे झाडावर कोळशी येते. ती माझ्या बागेत आली, हा माझा गुन्हा नव्हे. ती कुठून तरी उडत येते. पण म्हणून फवारणी दुसऱ्याने करावी असे कोणताही शेतकरी म्हणत नाही. बाग माझी, फवारणी माझी. आणि हेही प्रत्येक बागवानाला ठाऊक आहे, की मी एकट्याने फवारून भागत नाही; शेजारच्या बागेत माशी राहिली, तर ती पुन्हा माझ्याकडे येतेच. दोष आणि कर्तव्य ही दोन निराळी खाती आहेत. पहिले रिकामे असले, तरी दुसरे भरावे लागते. आणि ते एकट्याचे नसते.

आपण नेमके उलटे करतो. दोष रोग्याच्या एकट्याच्या नावावर लिहितो आणि कर्तव्यात भागीदारी करत नाही. पंगतीत नाही म्हणणाऱ्याच्या पानात ‘एक बुंदी खाल्ल्याने काय होते’ म्हणत आग्रहाने वाढतो. न घेतली तर यजमानाचा अपमान, घेतली तर रोग्याचा दोष. ज्वारीची भाकर मागे पडून गव्हाची पोळी आणि भात कधी रोजचे झाले, हे कोणा एकाने ठरवले नाही. पण भाकर मागणाऱ्या म्हाताऱ्यासाठी वेगळा तवा ठेवावा लागतो, तेव्हा कुरकुर होते. सून सांभाळते म्हणून सासऱ्याचे पथ्य चालते, आणि त्या सुनेची स्वतःची साखर कोणी तपासलेली नसते. मुलीचे लग्न जमायचे म्हणून तिची गोळी लपवली जाते. सिकलसेलच्या बाबतीत हीच लपवाछपवी पुढच्या पिढीवर पडते. 1 जुलै 2023 रोजी आपल्याच मध्यप्रदेशात, शहडोल येथे, सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, पण तपासणीचे कार्ड पेटीत दडवून ठेवले तर मोहीम काय करणार? लाज ही रोगाची सर्वांत जुनी सोबतीण आहे.

दुसऱ्या टोकाचा जाचही नको. पंचाहत्तरीच्या माणसाने पोळ्याला अर्धी पुरणपोळी मागितली, तर घरभर आरडाओरड होते. काळजी आणि पहारा यांत फरक आहे. त्याचे शरीर त्याचे आहे. धोका समजावून सांगावा, औषध वेळेवर द्यावे, आणि शेवटचा शब्द त्याला बोलू द्यावा.

दोन भाषांत राहण्याचा एक लाभ इथे कामी येतो. हिंदीत आपण ‘परहेज’ म्हणतो. त्यात दूर राहणे आहे, टाळणे आहे. मराठीत ‘पथ्य’ म्हणतो. त्या शब्दात पथ आहे, वाट आहे. जे वाटेला सोडून नाही, ते पथ्य. परहेज एकट्याने करता येतो. वाट मात्र सगळ्यांची असते. ती खाचखळग्यांची असली, तर एकट्याने जपून चालून किती चालणार?

या दिवाळीत फराळाचे ताट शेजारी जाईल, तेव्हा त्यात ज्याला साखर चालत नाही त्याच्यासाठी दुसरे काही ठेवावे, आणि न विचारता ठेवावे. ‘काय खात होते?’ याऐवजी ‘आता काय चालते तुम्हाला?’ असे विचारावे. दुसरा प्रश्न विचारणाऱ्यालाही थोडे काम लावतो, एवढाच त्याचा आणि पहिल्याचा भेद आहे.